कंपनी गेली, पेटी राहिली

भिवंडी-कल्याणकडून निघालेला राष्ट्रीय महामार्ग ६१ परभणी, नांदेड, भोकर मागे टाकत तेलंगणात शिरतो आणि भैंसा ओलांडून निर्मलला श्रीनगर-कन्याकुमारीच्या ४४ नंबरच्या महामार्गाला भेटतो. निर्मल म्हटलं की आपल्याला आठवतात ती लाकडी खेळणी आणि सोनेरी झाक असलेली चित्रं. इथले नक्काश कारागीर पोनिकीच्या हलक्या लाकडातून फळं, पक्षी, प्राणी घडवतात. यंदा संपादकांनी ‘टाकून दिलेल्या वस्तूंचं पुढचं आयुष्य’ असा विषय दिला, आणि मला याच गावातल्या एका फोटो स्टुडिओबद्दल ऐकलेलं आठवलं. तिथे कंपनीने वाऱ्यावर सोडलेल्या एका यंत्रावर दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम चढवायची होती. ती कशी चढते ते बघायला मी निर्मलला गेले.

स्टुडिओचे मालक मुधोळकडचे, घरात मराठी बोलणारे. १९५६पूर्वी मुधोळ-भैंशाचा हा पट्टा हैदराबाद संस्थानातल्या नांदेड जिल्ह्यात होता. भाषावार पुनर्रचनेत तो आदिलाबादला जोडला गेला आणि आदिलाबादचे किनवट, राजुरा हे तालुके इकडे महाराष्ट्राच्या बाजूला आले. २०१६ साली निर्मल वेगळा जिल्हा झाला. कागदावरच्या सीमा अशा बदलत गेल्या, सोयरीकींची गावं तीच राहिली. त्यामुळे या स्टुडिओची लग्नं भोकर, धर्माबाद, किनवटपासून आर्मूरपर्यंत पसरलेली. संगणकावरच्या फोल्डरांची नावं तेलुगूत, मराठीत आणि इंग्रजी अक्षरांत लिहिलेल्या उर्दूत.

या सगळ्या लग्नांचे फोटो कपाटातल्या एका काळ्या पेटीत होते. पुस्तकाएवढा आकार, मागे लॅन केबलची एक खाच, पुढे एक दिवा. मालक म्हणाले, “डबा चांगला हाय ताई, पन नेटला लावायची भीती वाटती. २०२१ला बातमी वाचली तवाच वायर काढून ठिवली.”

एका रात्रीत रिकाम्या झालेल्या पेट्या

पेटी होती वेस्टर्न डिजिटल कंपनीची माय बुक लाइव्ह. अशा यंत्राला नेटवर्क स्टोरेज किंवा नुसतं ‘नॅस’ म्हणतात. साधी हार्डडिस्क यूएसबीने एका संगणकाला जोडावी लागते. नॅस राउटरला जोडलं की दुकानातले सगळे संगणक त्यातल्या फाइली वापरू शकतात. याचा अर्थ त्या पेटीत डिस्कशिवाय प्रोसेसर असतो, मेमरी असते आणि स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीमही असते. विकत घेताना आपण टेराबाइट मोजतो. आत एक छोटा संगणक आहे आणि त्याचीही निगा राखावी लागते, हे दुकानदार क्वचितच सांगतो.

माय बुक लाइव्ह २०१० साली बाजारात आली. तिच्यासाठीची शेवटची सुधारित आवृत्ती कंपनीने २०१५मध्ये दिली. त्यानंतर पेट्या चालत राहिल्या, पण आतली सिस्टीम तिथेच गोठली. २०१८मध्ये संशोधकांनी तिच्यातलं एक गंभीर भगदाड जाहीर केलं. यंत्राची मुदत संपलेली असल्याने त्यावर दुरुस्ती आली नाही. जून २०२१च्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जगभरातल्या अनेक ग्राहकांना आपल्या पेट्या रिकाम्या दिसल्या. दूरवरून कुणीतरी त्यांना ‘फॅक्टरी रीसेट’चा हुकूम दिला होता.

तपासात निघालेली गोष्ट प्रत्येक ग्राहकाने ऐकावी अशी आहे. रीसेट करण्यापूर्वी पासवर्ड तपासणाऱ्या ओळी मूळ प्रोग्रॅममध्ये होत्या, पण त्या निष्क्रिय करून ठेवलेल्या होत्या. एप्रिल २०११मध्ये लॉगिनच्या कोडची फेरमांडणी करताना ही चूक शिरल्याचं कंपनीनेच नंतर सांगितलं. म्हणजे दहा वर्षं दार उघडं होतं. ज्या पेट्या थेट इंटरनेटवरून दिसत होत्या, त्या सापडल्या. काहींच्या मालकांनी राउटरमधून स्वतः वाट काढून दिली होती, काहींना राउटरच्या यूपीएनपी या सोयीने आपोआप वाट मिळाली होती. कंपनीने पुढे डेटा परत मिळवून देण्याची सेवा आणि जुनी पेटी देऊन नवी घेण्याची सवलत जाहीर केली. ज्यांनी आधीच केबल काढली त्यांचे फोटो वाचले. निर्मलचा स्टुडिओ त्यांतला एक.

भंगारात का नाही?

केबल काढलेली पेटी सुरक्षित असते, आणि निरुपयोगीही. मालकांपुढे सोपा मार्ग होता: नवं यंत्र घ्यायचं आणि हे ई-कचऱ्यात द्यायचं. पण पेटीतला एकही भाग बिघडलेला नव्हता. आठशे मेगाहर्ट्‌झचा पॉवरपीसी जातीचा प्रोसेसर, २५६ एमबी मेमरी, गिगाबिट वेगाची लॅन. आजच्या मोबाइलपुढे हे आकडे किरकोळ आहेत. पण फाइल मागितली की द्यायची आणि आली की ठेवायची, एवढ्या कामाला ते पुरतात. जुनं झालं होतं ते फक्त सॉफ्टवेअर, आणि ते बदलता येतं.

बदलता येतं याचं श्रेय एका परवान्याला जातं. पेटीतली मूळ सिस्टीम लिनक्सवर, डेबियनच्या जुन्या आवृत्तीवर बेतलेली होती. लिनक्सचं कर्नल ज्या जीपीएल परवान्याखाली मिळतं त्याची अट अशी की, ते बदलून यंत्रात घालून विकलंत तर बदललेला सोर्स कोड ग्राहकाला द्यायला हवा. याच अटीमुळे २००३मध्ये लिंक्सिस कंपनीला आपल्या डब्ल्यूआरटी ५४जी या राउटरचा कोड खुला करावा लागला आणि त्यातून २००४ साली ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. राउटरसाठी सुरू झालेली ही सिस्टीम आता शेकडो प्रकारच्या छोट्या यंत्रांवर चालते. क्रिस्चियन लॅम्पार्टर यांच्यासारख्या विकसकांनी पॉवरपीसीच्या या कुळासाठी तिच्यात काम केलं, म्हणून माय बुक लाइव्हचं नाव तिच्या यादीत आहे. कंपनीने हात काढून घेतल्यावर अनोळखी माणसांनी, पगाराविना, हे यंत्र सांभाळलं. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

आधी फोटो, मग पाना

काम करणार होता मालकांचा भाचा. तो बासरच्या राजीव गांधी ज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठात शिकलेला. सरस्वतीच्या मंदिरासाठी प्रसिद्ध असलेल्या बासरला २००८पासून हे विद्यापीठ आहे. खेड्यापाड्यांतली मुलं दहावीनंतर थेट तिथे जातात. भाच्याने आल्या आल्या पेटी उघडली नाही. “मामा, आधी कॉपी. कॉपी झाल्याबिगर मी पेचकस हातात घेणार नाय,” असं त्याने बजावलं.

एक छोटा स्विच, दोन केबली, इंटरनेटचा संबंध नाही. एका बाजूला पेटी, दुसऱ्या बाजूला पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलेला लॅपटॉप आणि त्याला लावलेली नवी डिस्क. कॉपी रात्रभर चालली. सकाळी त्याने दोन्हीकडच्या फाइलींचे चेकसम काढून ताडून पाहिले. चेकसम म्हणजे फाइलीतल्या प्रत्येक बिटावरून गणिताने काढलेली खूण. एक बिट इकडचा तिकडे झाला तरी खूण बदलते. फाइलींची संख्या आणि आकार जुळला म्हणून कॉपी बरोबर झाली असं मानणारे पुढे पस्तावतात. आतून बिघडलेला फोटोही यादीत तेवढ्याच ऐटीत दिसतो.

पेटी चालू असतानाच, नेटवर्कवरून कॉपी घ्यायची, यालाही कारण होतं. पुष्कळ जण डिस्क बाहेर काढून संगणकाला जोडतात आणि घाबरतात. विंडोजला लिनक्सची एक्स्ट-४ ही मांडणी ओळखताच येत नाही. डिस्क फॉरमॅट करायची का, असं ते विचारतं आणि घाईत ‘हो’ दाबलं की संपलं. माय बुक लाइव्हमध्ये आणखी एक मेख आहे. तिच्या डिस्कवर डेटा ६४ केबीच्या ठोकळ्यांत मांडलेला असतो. घरगुती संगणकातलं लिनक्स मेमरी ४ केबीच्या पानांत हाताळतं आणि वर्षानुवर्षं त्याला पानापेक्षा मोठा ठोकळा नेहमीच्या पद्धतीने उघडता येत नसे. त्यामुळे डिस्क ठणठणीत असूनही लिनक्स ‘चुकीचा आकार’ म्हणून तिला नाकारतं. अशा वेळी फ्यूज नावाच्या सोयीतून, कर्नलला बाजूला ठेवून, ती केवळ वाचण्यासाठी उघडता येते. पेटी मेलेली असेल तर हाच मार्ग उरतो. दुरुस्तीच्या दुकानात ‘डिस्क करप्ट’ म्हणून सांगितलेल्या अशा पेट्यांतला डेटा कधी कधी पूर्ण शाबूत असतो, हे लक्षात ठेवावं.

नवी सिस्टीम बसते कशी

भाच्याचा दुसरा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटला. पेटीतली मूळ डिस्क त्याने पुसली नाही. ती तशीच काढून, तारखेची चिठ्ठी लावून मालकांच्या घरी कपाटात ठेवायला दिली. नवी सिस्टीम नव्या डिस्कवर बसणार होती. काही फसलं तर जुनी डिस्क परत लावली की पेटी होती तशी चालू. परतीची वाट राखून केलेलं काम निर्धास्तपणे करता येतं.

या पेटीत ते शक्य होतं, कारण तिची ऑपरेटिंग सिस्टीम डिस्कवरच राहते. मदरबोर्डवरच्या चिमुकल्या चिपमध्ये फक्त यू-बूट नावाचा प्रोग्रॅम असतो. वीज आली की तो जागा होतो, डिस्कच्या ठरलेल्या कप्प्यात एक छोटी सूचनापत्रिका शोधतो, तिच्यात सांगितलेलं कर्नल मेमरीत उचलतो आणि सूत्रं त्याच्या हाती देऊन मोकळा होतो. तिथे कंपनीचं कर्नल आहे की दुसऱ्याचं, याची तो चौकशी करत नाही. म्हणून पेटीतल्या चिपला हात न लावता, डिस्क बाहेरच लॅपटॉपवर तयार करता येते.

ओपनडब्ल्यूआरटीची माय बुक लाइव्हसाठी बनवलेली प्रतिमा-फाइल त्याने उतरवली, तिचाही चेकसम तपासला आणि ‘डीडी’ या आज्ञेने ती नव्या डिस्कवर उतरवली. ही आज्ञा देताना तो थांबला, डिस्कचं नाव दोनदा वाचलं, मामांना मोठ्याने वाचून दाखवलं. डीडी काहीही विचारत नाही. जी डिस्क सांगाल तिच्यावर लिहून मोकळी होते. चुकून कॉपीच्या डिस्कचं नाव दिलं असतं तर रात्रभराचं काम पुसलं गेलं असतं. दुरुस्तीच्या या धंद्यात सगळ्यात जास्त डेटा याच एका आज्ञेने मेला असेल.

डिस्क पेटीत बसली, लॅन केबल लागली, दिवा लागला. या पेटीला पडदा नाही, कीबोर्ड नाही. आत काय चाललंय ते कळायला राउटरच्या यादीत नवं नाव येण्याची वाट बघावी लागते. नाव आलं, ब्राउझरमध्ये तिचा पत्ता टाकला आणि ओपनडब्ल्यूआरटीचं पान उघडलं. पहिलं काम पासवर्ड ठेवण्याचं, कारण सुरुवातीला तो कोराच असतो. मग उरलेल्या जागेचा मोठा कप्पा, त्यावर एक्स्ट-४ मांडणी, आणि विंडोजला फाइली दाखवणारं सांबा हे पॅकेज.

इथे जुन्या पेट्यांचं आणखी एक दुखणं समजून घेतलं पाहिजे. विंडोज संगणक नेटवर्कवरच्या फाइली एसएमबी या बोलीत मागतात. तिची पहिली आवृत्ती असुरक्षित ठरली; मे २०१७मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस तिच्यातल्याच एका भगदाडातून जगभर पसरला. त्याच वर्षाच्या अखेरीपासून विंडोज १०च्या नव्या आवृत्त्यांत ती मुळात बसवलीच जात नाही. ‘विंडोज नवीन टाकलं आणि नेटवर्कची हार्डडिस्क दिसेना’ या तक्रारीचं मूळ बहुधा इथे असतं. कुणीतरी मग जुनी आवृत्ती पुन्हा चालू करून देतो आणि दुकानातला प्रत्येक संगणक उघड्यावर येतो. योग्य उपाय म्हणजे पेटीला नवी बोली शिकवणं, आणि ते नव्या सिस्टीमनेच होतं.

शेवटी फोटो परत चढवले. देवनागरी आणि तेलुगू नावांचे फोल्डर जसेच्या तसे दिसले. लिनक्स नावं यूटीएफ-८मध्ये ठेवतं, त्यामुळे दोन्ही लिप्या शेजारी नांदतात. मालकांनी पहिलं काय उघडलं असेल, तर मुधोळच्या एका लग्नातले वरातीचे फोटो. नवरदेव आता दोन लेकरांचा बाप आहे.

सगळ्या पेट्या इतक्या सरळ नसतात

हे वाचून कुणी घरातली पेटी लगेच उघडू नये. प्रत्येक यंत्राचा स्वभाव वेगळा. पुष्कळ पेट्यांत सिस्टीम डिस्कवर नसते, मदरबोर्डला डकवलेल्या फ्लॅश चिपमध्ये असते. तिथे लिहिताना वीज गेली तर पेटी कायमची मुकी होऊ शकते. मग बोर्डावरच्या बारीक पिनांना सिरियल केबल लावून यू-बूटशी थेट बोलावं लागतं. ती केबलही योग्य व्होल्टेजची हवी, नाहीतर बोर्डच जळतो.

तरीही वाटा निघाल्या आहेत. २००४ साली आलेल्या लिंक्सिसच्या एनएसएलयू-२ या पिटुकल्या यंत्रात अवघी ३२ एमबी मेमरी आणि ८ एमबी फ्लॅश होती. त्याच्यावर लोकांनी पूर्ण डेबियन चालवून दाखवलं. मार्टिन मिखल्मायर यांनी त्यासाठी मोठं काम केलं. डी-लिंकच्या डीएनएस मालिकेतल्या पेट्यांसाठी जोआँव कार्दोसो यांनी आल्ट-एफ ही पर्यायी सिस्टीम लिहिली. तिची खुबी अशी की, चिपवर कायमची लिहिण्याआधी ती चालवून पाहता येते.

याच मालिकेची गोष्ट एप्रिल २०२४मध्ये पुन्हा बातमीत आली. मुदत संपलेल्या काही मॉडेलांमध्ये पासवर्ड नसलेलं एक छुपं खातं सापडलं आणि अशा ९२ हजारांहून जास्त पेट्या इंटरनेटवर उघड्या असल्याचं संशोधकाने दाखवलं. कंपनीचा सल्ला एकच होता: यंत्र बंद करा, नवं घ्या. २०२१चा धडा तीन वर्षांनी तसाच्या तसा समोर आला.

आणि पर्यायी सिस्टीमही अमर नसतात. जुन्या जातीचे प्रोसेसर सांभाळणारी माणसं कमी होत जातात. डेबियनने २०१७च्या नवव्या आवृत्तीत ३२ बिटांच्या पॉवरपीसीचा अधिकृत आधार काढला. अनेक जुनी नॅस यंत्रं ज्या एआरएम प्रकारावर चालतात, त्यासाठीचा इन्स्टॉलर २०२५च्या तेराव्या आवृत्तीत राहिलेला नाही. म्हणून कुठलीही सिस्टीम निवडताना तिची ताजी आवृत्ती कधी निघाली ते आधी बघावं. ज्या प्रकल्पात वर्षानुवर्षं हालचाल नाही तो घेणं म्हणजे एक बेवारस सिस्टीम काढून दुसरी बेवारस बसवणं.

निगा कोण राखणार?

पेटी चालू झाल्यावर भाच्याने मामांना एका वहीत तीन गोष्टी लिहून दिल्या. दर महिन्याला सिस्टीमची नवी आवृत्ती आली का ते पाहायचं. डिस्कचा स्मार्ट अहवाल उघडून खराब झालेल्या जागांचा आकडा वाढतोय का ते बघायचं. राउटरमधलं यूपीएनपी बंद आहे ना, याची खात्री करायची. शहरातून फोटो बघायचे असतील तर ही पेटी इंटरनेटवर उघडी करायची नाही. गिऱ्हाइकाला हवे तेवढे फोटो वेगळे पाठवायचे.

वहीच्या पुढच्या पानावर उन्हाळा. या भागात एप्रिल-मेमध्ये पारा ४३ अंशांच्या पुढे जातो. माय बुक लाइव्हमध्ये पंखा नाही. हवा खालून येऊन वरच्या जाळीतून निघून जाते, एवढीच व्यवस्था. बंद कपाटात ती कोंडली जाते. पेटी आता उघड्या फळीवर आली आहे, इन्व्हर्टरच्या जोडणीवर.

आणि सगळ्यात वर ठळक अक्षरांत लिहिलेलं: पेटी म्हणजे बॅकअप नाही. पीटर क्रो या छायाचित्रकाराने रूढ केलेला ‘३-२-१’चा नियम जगभरचे फोटोवाले मानतात. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी. स्टुडिओत आता एक प्रत पेटीत, दुसरी यूएसबी डिस्कवर आणि जुनी मूळ डिस्क घरी आहे. साधनांच्या प्रकारांत नियम अजून काटेकोर पाळायला हवा, पण दुकानाला आग लागली तरी लग्नं राहतील.

विकत घेण्यापूर्वी

आपल्याकडे ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्र सरकारने २०२२मध्ये समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात एक पोर्टल सुरू केलं. पण दुरुस्ती म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सुटे भाग येतात. सॉफ्टवेअर थांबल्यामुळे बाद होणाऱ्या चांगल्या यंत्रांचा विचार अजून पुरेसा झालेला नाही. युरोपीय संघाचा सायबर रेझिलिअन्स कायदा डिसेंबर २०२४मध्ये अमलात आला. त्याची मुख्य बंधनं डिसेंबर २०२७पासून लागतील आणि सर्वसाधारणपणे किमान पाच वर्षं सुरक्षेच्या दुरुस्त्या देणं उत्पादकांवर बंधनकारक होईल. आपल्याकडेही अशी अट हवी, आणि तिला एक जोड हवी: मुदत संपली की यंत्राचं कुलूप कंपनीने ग्राहकासाठी उघडून द्यावं, म्हणजे ज्याला दुसरी सिस्टीम बसवायची त्याला ती बसवता येईल.

तोवर एवढं आपल्या हातात आहे. नॅस, राउटर किंवा कॅमेरा घेताना दुकानदाराला विचारा: अपडेट किती वर्षं मिळणार? हे मॉडेल ओपनडब्ल्यूआरटीसारख्या खुल्या सिस्टीमच्या यादीत आहे का? घरात जुनी पेटी असेल तर आज रात्रीच राउटरमधलं यूपीएनपी बंद करा, पेटीची इंटरनेटची वाट तोडा आणि तिच्यातल्या फोटोंची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या. नवी सिस्टीम बसवायची की नाही, ते मग सवडीने ठरवता येईल.